ट्रकच्या सायलेन्सर लाइनमधली गळती: शोधायची कशी, काढायची कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सायलेन्सर लीक झाला की बहुतेक जण आवाज बंद करण्याच्या मागे लागतात. आवाज बंद होतो, चार महिन्यांनी त्याच जागेवरून पुन्हा फुसफुस सुरू होते आणि दोष पॅकिंगला दिला जातो. गळती कुठे आहे आणि ती तिथेच का झाली, ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणून खालच्या उत्तरांत दुरुस्तीपेक्षा शोधण्यावर जास्त लिहिलं आहे.

गळती आहे हे आधी कशावरून कळतं?

आवाजावरून. गाडी रोज चालवणाऱ्याला तो सगळ्यात आधी कळतो. मॅनिफोल्डजवळ (सगळ्या सिलिंडरांमधला धूर गोळा करणारा, इंजिनाला लागलेला भाग) गळती असेल तर टिकटिक किंवा चकचक ऐकू येते. टर्बोजवळ (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा भरणारा पंखा) असेल तर लोडवर बारीक शीळ येते. मागे सायलेन्सरपाशी असेल तर फडफड आणि एकूणच भसाडा आवाज. याशिवाय पिकअप मंदावतो, चढाला काळा धूर वाढतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो, जोडावर काजळी दिसते. यातली एकच खूण दिसली तरी गाडीखाली जाऊन बघायला पुरेशी आहे.

सकाळी टिकटिक येते, गाडी गरम झाली की बंद होते. मग दुरुस्ती कशाला?

ही गळतीची अगदी ठरलेली खूण आहे. मॅनिफोल्ड बिडाचं (ओतीव लोखंडाचं) असतं आणि तापलं की फुगतं. एक मीटर लांबीचं बीड ५०० अंश सेल्सिअसने तापलं, तर त्याची लांबी साधारण साडेपाच मिलिमीटरने वाढते. मॅनिफोल्ड ज्याला बसवलेलं असतं ते इंजिनाचं हेड, आत पाणी फिरत असल्यामुळे, तेवढं तापत नाही, म्हणून ते जेमतेम मिलिमीटरभर लांबतं. या ओढाताणीत गार असताना उघडी असलेली फट गरम झाल्यावर दाबली जाते आणि आवाज थांबतो.

पण लोड आला की त्याच फटीतून धूर जोरात बाहेर पडतो, तेव्हा फक्त तो इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. गरम वायू पॅकिंगची कड जाळत जातो, मग हेडचा आणि मॅनिफोल्डचा सपाट भाग खातो. सुरुवातीला पॅकिंग आणि दोन स्टडवर (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारे आटेदार दांडे) भागणारं काम नंतर मॅनिफोल्ड मशिनिंगला नेण्यापर्यंत जातं. टिकटिक ऐकू आली की त्याच आठवड्यात बघा.

ही टिकटिक टॅपेटची की मॅनिफोल्डची, हे कसं ओळखू?

दोन्ही आवाज एकाच तालात येतात, त्यामुळे गोंधळ होतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) आवाज धातूवर धातू आपटल्यासारखा कोरडा असतो आणि लोडने फारसा बदलत नाही. गळतीच्या आवाजात हवा असते. ॲक्सिलरेटर दाबला की तो वाढतो, सोडला की लगेच पडतो.

तिसरा एक आवाज लोक विसरतात: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेल्याचा. तोही चकचक करतो, पण त्याची काजळी इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखी घट्ट साठते. एअर इनटेकची होज फुटली तरी लोडवर शीळ येते, मात्र तिथे काजळी नसते, तेलाचा ओलसर थर असतो. म्हणून नुसत्या आवाजावर विसंबून मॅनिफोल्ड खोलायला घेऊ नका. डोळ्यांनी खूण दिसली पाहिजे.

नेमकी जागा कशी शोधायची?

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांखाली उटी (अडकण) लावा. जागा उघडी हवी, बंद शेडमध्ये हे काम नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

इंजिन रात्रभर गार झालेलं असावं. चालू करण्याआधी टॉर्च घेऊन पुढून मागे एकदा नीट बघा: मॅनिफोल्डचा प्रत्येक पोर्ट, टर्बोचा फ्लँज (जोडाची चकती), डाउनपाइप (टर्बोपासून खाली जाणारा पाइप), बेलो (मधला लवचीक पाइप), प्रत्येक क्लॅम्प, सायलेन्सरची शिवण आणि वरचा भाग. खाली वाकून दिसत नाही तिथे छोटा आरसा धरा. हीट शील्ड असेल तर काढा. बऱ्याच गळत्या तिच्या मागेच लपलेल्या असतात.

मग इंजिन चालू करा. पहिली एक-दोन मिनिटं मोलाची असतात, कारण बीड तापलं की फट मिटते. मीटरभर लांबीची रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं प्रत्येक जोडापासून दोन बोटं लांब फिरवा. गळतीसमोर आलं की आवाज एकदम कानात फुटतो. मला या साध्या नळीने जेवढ्या गळत्या सापडल्या, तेवढ्या कुठल्याही यंत्राने सापडल्या नाहीत. पंखा आणि बेल्टपासून नळी, बाही, मफलर सगळं लांब ठेवा.

आवाज फारच बारीक असेल तर सोबत्याला जाड चामडी हातमोजे घालून, इंजिन आयडलिंगवर असताना, मागच्या पाइपच्या तोंडावर जाड फडकं दाबायला सांगा. तीन-चार सेकंद पुरेत. लाइन घट्ट असेल तर दाब फडकं ढकलतो आणि इंजिन घुसमटतं. गळती असेल तर ती जागा जोरात फुसफुसते. हे फक्त गार असताना करायचं.

सगळ्यात खात्रीचा मार्ग साबणाच्या पाण्याचा. इंजिन बंद आणि गार असताना व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड मागच्या पाइपला लावा आणि भोवती कापड गुंडाळा. जोडांवर साबणाचं पाणी फवारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. मोठी गळती साबण उडवून लावते, तिथे बुडबुडे दिसत नाहीत पण हाताला वारा लागतो. एअर फिल्टरकडून थोडी हवा ऐकू आली तर घाबरू नका, उघड्या व्हॉल्व्हमधून ती तिकडे जाऊ शकते. कंप्रेसरची जोराची हवा मात्र लावू नका. या तपासणीला कमी दाब आणि भरपूर हवा लागते.

गॅरेजमध्ये स्मोक मशीन असेल तर प्रश्नच नाही, बारीक तडाही धुराच्या रेषेने दिसतो.

जोडावर काळा डाग दिसतो. म्हणजे गळती नक्की का?

डाग कसा आहे ते बघा. गळतीची काजळी कोरडी असते, बोटाला पावडरसारखी लागते आणि तिला दिशा असते: फटीपाशी दाट आणि पुढे पंख्यासारखी पसरत फिकी होत गेलेली. पंख्याचं अरुंद टोक जिकडे, तिकडे फट. जुना डाग फसवू शकतो, म्हणून वायर ब्रशने साफ करा, दोन दिवस गाडी चालवा आणि पुन्हा बघा.

डाग ओला, चिकट असेल तर तो तासन् तास आयडलिंगवर उभ्या राहणाऱ्या गाडीचा असू शकतो. न जळलेलं डिझेल आणि तेल जोडातून बाहेर येतं. मोठ्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांत असतं आणि तुकड्यांमध्ये सरकता जोड असतो. तिथे थोडी काजळी दिसणं म्हणजे लगेच बिघाड नव्हे. रोज वाढत असेल तर आतल्या रिंगा गेल्या असं समजा.

जोडाभोवती पांढरे खडे जमले आहेत. ते काय?

युरियाचे. एससीआर (धूर स्वच्छ करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत धुरावर डीईएफ हे द्रव फवारलं जातं, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. बाकीचं पाणी उडून गेलं की मीठ सुकावं तशी पांढरी पापुद्री उरते. ती डीईएफ फवारणाऱ्या डोझर इंजेक्टरच्या पॅकिंगपाशी किंवा एससीआरच्या आधीच्या क्लॅम्पवर दिसली तर तिथे गळती आहेच. गरम पाण्याने ती विरघळते. साफ करून पॅकिंग बदला, तीच पापुद्री असलेला क्लॅम्प परत आवळून काही होत नाही.

टर्बोच्या आधीची आणि नंतरची गळती, यात फरक काय?

जमीन-अस्मानाचा. टर्बो फिरतो तो सिलिंडरमधून निघालेल्या धुराच्या दाबावर आणि उष्णतेवर. त्याच्या आधी धूर निसटला तर टर्बो उशिरा फिरतो, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) कमी भरतो. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर येतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि चढावर गाडी लोड घेत नाही. ड्रायव्हर आणखी ॲक्सिलरेटर दाबतो आणि तापमान आणखी वाढतं. इथला दाबही मोठा असतो, त्यामुळे बारीक फट लवकर मोठी होते. ही गळती घेऊन लांबचा लोड उचलू नका.

टर्बोनंतरच्या गळतीने ताकद फारशी जात नाही. पण पाइप केबिनखालून, वायरिंगजवळून, ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळ्यांजवळून जातो. गरम झोत त्यांच्यावर पडत असेल तर ती गळतीही तितकीच तातडीची.

गळतीने ॲव्हरेज पडतं का?

टर्बोआधी असेल तर पडतं, वर सांगितलं त्या कारणाने. पेट्रोलवरच्या पिकअप गाडीत आणखी एक गंमतशीर वाटणारी पण महागात पडणारी गोष्ट होते. सिलिंडरमधून धूर ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर दाब खाली जातो. तेवढ्यात बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) दिसतो आणि कोणीतरी सेन्सर बदलून टाकतो. सेन्सर खरं तेच सांगत असतो. त्याच्या आधीचे जोड तपासल्याशिवाय तो बदलू नका.

केबिनमध्ये वास येतो, डोकं दुखतं. हे गळतीमुळे असू शकतं?

असू शकतं, आणि ही एकच तक्रार अशी आहे की तिच्यासाठी गाडी जागेवर उभी करावी.

धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो वास धुरातल्या इतर घटकांचा. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने या वायूला चिकटतं. सुरुवातीला डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, झोप आल्यासारखं वाटतं. ड्रायव्हर म्हणतो, झोप झाली नाही म्हणून असेल. खाली उतरल्यावर बरं वाटतं आणि गाडीत बसल्यावर पुन्हा तसंच होतं, ही खूण ओळखा. ड्रायव्हर आणि सोबती दोघांनाही एकाच वेळी डोकेदुखी झाली तर शंका ठेवूच नका. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. या विषबाधेतही तो आकडा चांगला दाखवू शकतो. मोकळ्या हवेत आल्यावरही रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला साधारण चार-पाच तास लागतात, म्हणून चक्कर, उलटी असेल तर थेट दवाखाना गाठा.

डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, हे खरं. पण केबिनमध्ये झोपलेल्या माणसासाठी ते समाधान पुरेसं नाही. इंजिन चालू ठेवून झोपायची वेळ येत असेल तर गळती आधी काढा. शिवाय केबिनचा तळही बघा: गिअर लिव्हरचं रबरी बूट, पेडलची भोकं, वायरिंगचे ग्रोमेट, इंजिन कव्हरचं रबर. धूर तिथूनच वर येतो. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म केबिनमध्ये लावला तर उत्तमच.

मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना काय पाहायचं?

आधीच्या रात्री सगळ्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा. नट जड लागला तर जोर करू नका. थोडा आवळा, थोडा सैल करा, असं करत आटे मोकळे होऊ द्या.

मॅनिफोल्ड खाली आलं की जुनं पॅकिंग फेकू नका, वाचा. कोणत्या पोर्टवर कड जळली आहे, कुठे काजळीची रेघ आडवी गेली आहे, हे त्यावर स्पष्ट उमटलेलं असतं. हेडवर त्याच जागी बोट फिरवलं तर खड्डा नखाला लागतो.

मग पोर्टच्या सपाट भागांवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज घाला. वाक किती चालतो हा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. जास्त असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करणं) करून घ्यावंच लागतं. वाकलेल्या मॅनिफोल्डवर नवं पॅकिंग बसवणं म्हणजे पुढच्या गळतीची तारीख ठरवणं. हेडची बाजू घासताना पोर्टमध्ये कापड कोंबा आणि शेवटी मोजून बाहेर काढा. एक चिंधी किंवा पॅकिंगचा तुकडा आत राहिला तर तो टर्बोच्या पात्यांवर जाऊन आपटतो.

नट नवे घ्या, कंपनीने दिले त्याच जातीचे. उष्णतेत चाललेले जुने लॉकनट पुन्हा पकड धरत नाहीत. पॅकिंगची कोणती बाजू हेडकडे, ते त्यावर लिहिलेलं असतं. आवळताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं, तेही दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. एका टोकापासून आवळत गेलं की दुसरं टोक उचललं जातं. पॅकिंगला सिलिकॉन लावू नका. ते तिथल्या उष्णतेत जळतं, आणि पेट्रोल गाडीत त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

स्टड हेडमध्येच मोडला. आता?

बहुतेक वेळा टोकाच्या सिलिंडरचाच मोडतो, कारण बीड फुगताना सगळ्यात जास्त सरकतं ते टोकाला. थोडा तुकडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, लालसर असलेला नट थोडा निवू द्या आणि हलकेच पुढे-मागे करा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंजाची पकड सुटते. हेडच्या पातळीत मोडला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून डाव्या आट्यांच्या, म्हणजे उलट फिरणाऱ्या ड्रिलने भोक पाडा, कधी कधी ड्रिलबरोबरच तुकडा फिरून बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर (भोकात अडकवून तुकडा फिरवून काढायचं हत्यार) शेवटचा उपाय. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर ड्रिल चालत नाही. नवा स्टड घालण्याआधी आटे टॅपने साफ करा. एक मोडला असेल तर त्याच वयाच्या बाकीच्यांवरही विश्वास ठेवू नका, सगळे बदला.

मॅनिफोल्डला तडा गेला आहे. वेल्डिंग चालेल?

चालतं म्हणणारे आहेत, आणि काही जण ते खरोखर चांगलं करतात: आधी सगळं मॅनिफोल्ड तापवून, निकेलच्या रॉडने, छोटे टाके घालून, आणि नंतर राखेत किंवा वाळूत सावकाश निववून. गार बिडावर सरळ आर्क मारला की टाक्याशेजारीच नवा तडा जातो. मला विचाराल तर ते वेल्डिंग गाडी घरी नेण्यापुरतं. टर्बोला धरून ठेवणाऱ्या मॅनिफोल्डला तडा असेल तर बदलाच.

पेस्ट आणि गुंडाळायची पट्टी कितपत टिकते?

मागच्या सायलेन्सरवर, बारीक गंजलेल्या भोकावर, काही आठवडे. पृष्ठभाग घासून कोरडा केला असेल तरच. मॅनिफोल्डवर किंवा टर्बोआधी अजिबात लावू नका. तिथला दाब आणि उष्णता तिला उडवतात, आणि सुकलेला कण आत गेला तर टर्बोला खर्च येतो.

बेलो दर वर्षी फाटतो. चांगल्या कंपनीचा घेऊ का?

घ्या, पण आधी इंजिनाच्या माउंटिंगकडे बघा. एका ट्रकला मी स्वतः तीनदा बेलो बदलला. तिसऱ्या वेळी सोबत्याला गाडी गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून, क्लच हलकेच सोडायला सांगितलं आणि बाजूला उभा राहून बघत राहिलो. इंजिन तीन-चार बोटं उचललं जात होतं. एका माउंटिंगचं रबर पूर्ण सुटलं होतं आणि प्रत्येक वेळी गाडी निघताना इंजिन बेलोला पिळत होतं. माउंटिंग बदलल्यावर तोच बेलो टिकला. ही चूक माझीच होती, पहिल्याच वेळी मी वर बघायला हवं होतं.

माउंटिंग ठीक असेल तर सायलेन्सरचे हँगर आणि ब्रॅकेट बघा. पाइप बसवताना ओढून, वाकवून बोल्ट लावला असेल तर तो ताणही बेलोवरच येतो. सगळे जोड सैल ठेवून लाइन आधी आपोआप बसू द्या, मग पुढून मागे आवळत जा.

सायलेन्सरला खाली एक छोटं गोल भोक आहे. बुजवू का?

कड स्वच्छ, गोल आणि सगळ्यात खालच्या जागी असेल तर ते कंपनीने पाणी निघायला ठेवलेलं आहे, बुजवू नका. धुरातली पाण्याची वाफ गार सायलेन्सरमध्ये साचते आणि आतून गंज धरते. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर म्हणूनच लवकर कुजतो. कड खाल्लेली, पापुद्रे सुटलेली असेल तर तो गंज. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भोवती ठोकून बघा. पत्रा दबत असेल तर तिथे वेल्डिंग धरणार नाही, सायलेन्सर बदला.

एक्झॉस्ट ब्रेक पूर्वीसारखा धरत नाही. संबंध आहे?

आहे. एक्झॉस्ट ब्रेक मागचा रस्ता बंद करून दाब साठवतो आणि त्याच दाबावर इंजिन गाडीला रोखतं. मधे गळती असेल तर दाब साठतच नाही. उतारावर ब्रेक लावल्यावर एखाद्या जोडातून जोरात फुसकारा येत असेल तर जागा सापडली. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या बुशमधूनही धूर निसटतो, तोही तपासा.

डीपीएफ असलेल्या गाडीत वेगळं काय पाहायचं?

डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. रिजनरेशनच्या वेळी, म्हणजे साठलेली काजळी जाळताना, डीपीएफमध्ये साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. त्याच्या आधी लाइनमध्ये गळती असेल तर उष्णता निसटते आणि रिजनरेशन अर्धवट राहतं. दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या नळ्या तडकल्या असतील तर आकडे चुकतात. रिजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच संपल्यावर गाडीखाली हात घालू नका आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. इथले व्ही-बँड क्लॅम्प आणि पॅकिंग खोलले की नवेच लावा.

लाइनवर वेल्डिंग करण्याआधी काय काळजी?

बॅटरी सोडवा, ईसीयू आणि सेन्सरचे कनेक्टर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे काढा. अर्थिंग वेल्डिंगच्या टाक्याच्या अगदी जवळ धरा, नाहीतर करंट बेअरिंगमधून किंवा टर्बोमधून जातो. डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग झाका. जस्ताचा मुलामा असलेला पाइप असेल तर मुलामा घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. अग्निशामक हाताशी ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा कधी बघायचं?

इंजिन चालू करून लगेच साबणाचं पाणी, मग लोडवर एक फेरी. गाडी पूर्ण गार झाली की मॅन्युअल सांगत असेल तर नट पुन्हा टॉर्कला आवळा. गरम असताना आवळू नका, आटे ओढले जातात. जोड वायर ब्रशने चकचकीत करून ठेवा आणि आठवडाभराने टॉर्च घेऊन खाली जा. नवी काजळी असेल तर स्वच्छ पत्र्यावर ती लगेच दिसेल.